विमलकाकीची पात

पिक्चर चालणार की आपटणार, हे आमच्या लोधिवलीत पेपर वाचून ठरत नाही. विमलकाकीला विचारलं की झालं. गेली अकरा वर्षं ती शूटिंगला गावातल्या बाया पुरवते. पाणवठ्यावर हव्यात, बाजारात हव्यात, मयताला रडायला हव्यात, काकी तासाभरात वीस जणी उभ्या करते. मी साईनाथ, माझा टेंपो. बाया मीच नेतो आणि युनिटचे दिवेही मीच वाहतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे, ऐकीव काही नाही.

काकी उंचीला बेताची, पण आवाज पार चौक गावच्या नाक्यापर्यंत जातो. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. लहानपणी उखळात हात गेला आणि वरून मुसळ आलं. काकी ते नख लपवत नाही, उलट बोलताना तोच अंगठा समोरच्याच्या नाकापुढं नाचवते.

चार वर्षांपूर्वी आमच्या शेतात एक मोठं पिक्चर झालं. नट असे, की एकेकाच्या नावावर थेटर भरावं. डायरेक्टरच्या घरी म्हणे बक्षिसं ठेवायला फळी पुरत नव्हती. गोष्ट एका विधवेची. नवरा जातो आणि पंधराव्या दिवशी ती भाताच्या लावणीला उभी राहते. ही गोष्ट त्यांना कुठून मिळाली असेल? काकीकडूनच. तिचा नवरा, सहदेवकाका, गेले त्या वर्षी काकीनं हेच केलं होतं, आणि लिहिणाऱ्याला तिनं ते चहा पिता पिता सांगितलं होतं.

शूटिंगच्या दिवशी मॅडम, म्हणजे पिक्चरची हिरॉईन, चिखलात उतरल्या आणि पुढं पुढं चालत रोपं लावायला लागल्या. लावणी करणारी बाई मागं मागं सरकते, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मॅडम लावत होत्या आणि लावलेलं तुडवत होत्या. बाया पदराआड हसल्या. काकीच्या ओठावर आलं होतं, पण ती गप्प बसली. एवढी शिकली-सवरली माणसं, त्यांना कळत नसेल होय? मागाहून कॅमेरावाला मला म्हणाला, "मलाही खटकलं होतं रे. म्हटलं, साहेबांनी काहीतरी विचार केला असेल." मेकअपवालीही तेच म्हणाली. शंभर हुशार माणसं आणि प्रत्येकाला वाटत होतं की विचार दुसऱ्यानं केलाय. पिक्चर असंच बुडतं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

खोपोलीच्या थेटरात अख्खी लोधिवली गेली होती. तो सीन आला आणि लोक खो खो हसले. सगळ्यात मोठ्यानं मोतीबाई हसली, काकीची शेजारीण. "अगं इमल, तुझी मॅडम कोंबडीवानी पुढं पुढंच चाललीय की!" काकीही हसली. पण येताना टेंपोत पुढं माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "साईनाथ, माझ्या दुखाला गाव हासलं रं. आन माझ्याच गप बसण्यानं हासलं." मी गाडी चालवत राहिलो.

गेल्या जुलैत तेच डायरेक्टर परत आले. पिक्चर दुसरं, पण मॅडम त्याच, बाई पुन्हा विधवा आणि शेतही तेच. ते अपयश त्यांना डाचत असावं. मॅनेजरनं आधीच दम भरला, "शॉट चालू असताना कुणी तोंड उघडलं तर उद्यापासून तुम्ही सगळ्या बंद. कर्जतहून बाया आणीन." वीस जणींनी घरची कामं टाकून आठ दिवस काकीच्या शब्दावर दिले होते. त्यांनी काकीकडं पाहिलं. काकीनं कबूल म्हणून मान हलवली.

शॉट सुरू झाला आणि आम्ही चाट पडलो. मॅडम महिनाभर कुठंतरी शिकून आल्या होत्या. कमरेत वाकून, मागं सरकत, सरळ रेषेत, सरसर सरसर. आमच्या बायांच्याही पुढं निघाल्या. शॉट संपला तशा युनिटनं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

"चुकलं," काकी म्हणाली.

मॅनेजर धावत आला. काकीनं अंगठा वर केला. "उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला काय भ्यायचं? साहेब, चुकलं."

डायरेक्टर वैतागले. "मावशी, आता काय? मागं मागं चालल्या ना त्या?"

"हात बरोबर हाय. बाई चुकलीय. नवरा जाऊन पंधरा दिस झालेली बाई येवढं सरसर लावती व्हय? मी त्या दिशी कोंडली व्हती."

कोंडणं म्हणजे काय, ते तिनं चिखलात उभं राहूनच दाखवलं. बाया ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येकीच्या वाट्याला हात पुरेल एवढी पट्टी येते, तिला पात म्हणतात. सगळ्या एकदम मागं सरकतात. जी हळू पडते, तिच्या दोन्ही बाजूंना रोपं उभी राहतात आणि ती मधेच अडकते. एरवी तिची टर उडवतात.

मॅडमनी विचारलं, "मग तुम्हाला बाहेर कुणी काढलं?"

काकीनं ओळीतल्या मोतीबाईकडं बोट केलं. "हिनं. हिच्या तोंडाला हाड नाय, पण हात चांगला हाय. एका अंगाला ही, दुसऱ्या अंगाला चंद्राबाई. आपापली पात लावता लावता माझ्या पातीत चार-चार रोपं खोवत गेल्या. बोलल्या कायच नाय. मी वर बगितलं तवा ओळीत व्हती."

डायरेक्टर बांधावर खाली बसले. मग म्हणाले, "हे मला चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाय, मी बोलली नाय. दोगांचं बी चुकलं."

दुपारनंतर सीन पुन्हा घेतला. मॅडमच्या एका अंगाला काकी, दुसऱ्या अंगाला मोतीबाई. महिनाभर शिकलेलं सगळं मॅडमनी विसरायला घेतलं, आणि मला वाटतं, त्या दिवसाचं सगळ्यात अवघड काम तेच होतं. त्या हळूहळू मागं पडल्या. दोन्हीकडं हिरवं उभं राहिलं. मग डावीकडून एक हात आला, उजवीकडून एक. मॅडमना रडायचं नव्हतं, कागदावर तसं लिहिलेलं नव्हतं, पण त्या रडल्या. कट म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. शेत लावून झालं, मगच कॅमेरा थांबला. मॅनेजर दुसऱ्या दिवशी कर्जतला गेला नाही, एवढंच सांगतो.

पिक्चर मागच्या महिन्यात लागलं. खोपोलीचं तेच थेटर, आणि गावही तेच. सीन आला. आमच्या एकाही बाईचं तोंड पडद्यावर नव्हतं. मधे कोंडलेल्या मॅडम आणि दोन अंगांनी येणारे दोन चिखलाचे हात, बस्स. मला काकीसाठी वाईट वाटलं. एवढं करून तिचा चेहरासुद्धा घेतला नाही.

थेटरात कुणी हसलं नाही. मोतीबाई हळूच म्हणाली, "इमल, त्यो आंगठा तुजा हाय."

"आन ह्या अंगाचा हात तुजा," काकी म्हणाली. "आता गप बस. कोंडली तवा नीट बगितलं नव्हतं, आता बगू दे."