बताशाला भिणारं भूत

बताशेवाल्या चाचींचं आधी सांगतो. त्या नसत्या तर हे लिहायला मी राहिलोच नसतो. जुन्या जालन्यात त्यांच्या भट्टीमागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. सातवीनंतर शाळा सुटली, किनवटकडचं गावही सुटलं, आणि सत्तर सालानंतरची ती वर्षं मी भुसाराच्या आडतीवर पोती शिवत होतो.

सकाळी कधी कधी मधला तासभर माझ्याकडं नसायचाच. अंग घामानं चिंब, हात थरथरत, आणि भोवती माणसं गोळा झालेली. मी शिव्या दिल्या म्हणायचे. दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोललो म्हणायचे. मला काहीच आठवायचं नाही.

"याला लागिर झालंय," आडतीवरचे मुनीमजी म्हणाले. "पाच गुरुवार दर्ग्यावर न्या. निरंकार. शिरणी मिळेपर्यंत पाण्याचा थेंब न्हाई."

छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आमच्या आईबापानं घरातले देव नदीत सोडले. त्यांच्यासंगं भुतंही गेली, असं बाप म्हणायचा. त्याला मी यातलं काही कळवलं नाही. पण दर्ग्यावर गेलो. दुपार कलायच्या आत ते यायचंच, रोजच्यापेक्षा जोरात. दोघंतिघं मला धरायचे, दर्ग्याचे मुजावर तोंडात शिरणीचे, म्हणजे प्रसादाचे, बताशे कोंबायचे, आणि थोड्या वेळानं माझे हात मला माझे वाटायला लागायचे. "निघालं," लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. असे चार गुरुवार झाले.

ते बताशे चाचींच्याच भट्टीतले.

पाचव्या गुरुवारच्या आधी, सोमवारी सकाळी, शुद्धीवर आलो तर खोलीतच होतो. जिभेवर साखर, समोर चाची. त्यांच्या मनगटात फुटक्या बांगडीची काच रुतली होती.

"दर्गा नहीं, मुजावर नहीं, तरी गेलं तुझं भूत," त्या म्हणाल्या. "मेरे बताशे कोच डरता क्या वो? भूत न्हाई ते बेटा. दुखणं हाय. आता गुरुवार बंद, डाक्टरकडं चल."

"चाची, मी मारलं का तुम्हाला?"

"पहले चबा."

औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या. तिथं मुद्दाम उपाशी ठेवून पुन्हा पुन्हा रक्त काढलं. स्वादुपिंडात हरभऱ्याएवढी गाठ आहे, असं क्वचितच कुणाला होतं, डॉक्टर म्हणाले. ती नको तेवढा रस सोडते आणि रक्तातली साखर संपवते. म्हणजे चार गुरुवार उपाशी राहून मी त्या भुतालाच बळ देत होतो. पुढं मुंबईत ऑपरेशन झालं. एक गाठ निघाली. दुसरीही असावी, पण हाताला लागली नाही, म्हणाले.

तेव्हापासून उशाला बताशांची पुडी, आणि दर तीन तासांनी खाणं. पहाटे फजरच्या नमाजला उठल्या की चाची माझं दार वाजवायच्या.

"कोण हाय आत? तू का तो दुसरा?"

मी नाव सांगितलं की हसत जायच्या. मला हसू यायचं नाही. अजूनही जाग आली की आधी मनात स्वतःचं नाव म्हणून बघतो.

त्या सोमवारी काय झालं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मनगटावर वण तेवढा राहिला.

आता मी जालन्यापासूनही लांब आहे. चाची थकल्यात असं ऐकतो. चाची, एक दिवस येईन. तुम्हाला मनियाराच्या दुकानी नेईन आणि त्या हातात माझ्या कमाईच्या बांगड्या भरवीन. सकाळीच येईन, पोटभर खाऊन.