फाटकावरची वही

आमची तूरडाळ परदेशी जाते. कस्टममध्ये कंटेनर न उघडता सुटावा, म्हणून मला विश्वासू व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र हवं होतं. त्याचे कागद करून देणारे सल्लागार म्हणजे जठारपेठेत एकटेच राहणारे एक गृहस्थ. त्यांनी गोदामाच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदीची वही ठेवली आणि पहिल्याच दिवशी मलाच अडवलं. "मालक तुमी घरी. इथं अगोदर सही करा, भाऊ!"

प्रमाणपत्र मिळालं, काम संपलं. तरी ते दर शनिवारी येतच राहिले. कंटाळून मी चौकीदाराला शिकवलं, "भाऊ नाहीत म्हणायचं."

परवा वही चाळली. प्रत्येक शनिवारी त्यांचं नाव. कामाच्या रकान्यात 'सहज'. चारला आले, पाचला गेले. तासभर फाटकाबाहेर!

आणि विश्वासू कोण, तर मी.

या शनिवारी फाटकाच्या आतच दोन खुर्च्या टाकल्या. ते आले. मी हात धरून आत घेऊ लागलो, तर म्हणाले, "थांबा ना भाऊ, सही तं करू द्या मले."