लांब चिमट्याची फटफटी

दुधाच्या फटफटीचं माप मी कॅन न लावता घ्यायला लावलं. का, तर कॅन लटकले की शोभा जाते. एवढ्या अकलेवर मी संसार करत होते आणि कुणी मला माहेरी पोचवून आलं नाही, याचं आता या वयात नवल वाटतं.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. देवळाली प्रवराच्या बाहेर उसात आमची वस्ती. आमचे हे वस्त्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून फटफटीवरून राहुरीच्या डेअरीत घालायचे. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक कॅन. घर त्यावरच चालायचं. आणि मला वेड लागलं एका चित्राचं. फडताळात अंथरायला आणलेल्या रद्दीत एक गुळगुळीत परदेशी पान निघालं. त्यावर एक फटफटी. तिचं पुढचं चाक हातभर पुढं पळालेलं, चाकाला धरणारा चिमटा लांबलचक नि तिरका, आणि वर एक गोरा जेवून खाटेवर रेलावं तसा रेललेला. अशा गाडीवरून बेलापूरला, माहेरच्या गल्लीत उतरायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

हे म्हणाले, आपल्या वाटेला असली गाडी चालायची नाही. मी अबोला धरला. भाकरी वाढायची, तांब्या ठेवायचा आणि भिंतीकडे बघायचं. तीन दिवस. चौथ्या दिवशी आम्ही दोघं ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्ये उभे होतो.

त्या बिचाऱ्यानं चित्र उलटून पाहिलं, मागं मापं लिहिली असतील म्हणून. मग चिमट्याच्या नळ्या वाढवल्या, सांगाड्याची मान कापली आणि पुढं कलती केली. मी डोक्यावरचा पदर सावरत हुकूम सोडत होते, अजून जरा पुढं, अजून जरा. मान कायमची जोडण्याआधी त्यानं विचारलं, "वहिनी, भरले कॅन लावून बघू का एकदा? मंग हलायची न्हाई."

"चित्रात कुठं हायेत कॅन?" मी म्हणाले.

बेलापूरला गेलो. सगळी गल्ली बाहेर आली. माझं काम झालं.

बाकीचे दिवस दुधाचे होते. चित्रातला रस्ता सरळ होता. आमचा पाटाच्या कडेनं, बांधावरून, बैलगाडीच्या चाकोरीतून जाणारा. मागं कॅन भरले की गाडीचं तोंड हलकं व्हायचं, आणि वेग कमी केला की हँडल आपोआप एका अंगाला पडायचं. वळण आलं की हे खाली उतरायचे, पुढचं चाक दोन्ही हातांनी उचलून फिरवायचे, पुन्हा बसायचे. भरल्या कॅनसकट. हे मला फार उशिरा कळलं. मला दिसायचं ते एवढंच, की घरी आल्यावर हे ओट्यावर टेकतात आणि चहाचा पेला दोन्ही हातांनी धरतात. मला वाटायचं, चहा आवडलाय. मी साखर वाढवली.

दोन महिन्यांनी पाटाजवळच्या वळणावर पुढचं चाक चाकोरीत अडकलं आणि गाडी आडवी झाली. दूध पाटाला गेलं, यांचं मनगट मोडलं. सासूबाईंनी माझ्या हातात चुंबळ दिली.

दीड महिना मी डोक्यावरून दूध डांबरी सडकेपर्यंत नेलं, डेअरीचा टेम्पो तिथं यायचा. मान आखडली, टाचा फुटल्या. त्या वाटेवर अकरा वळणं आहेत. प्रत्येक वळणावर मातीत एक गोल घासल्याची खूण होती, चाक उचलून टेकवल्याची. पहिल्या दिवशी मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तशी तिथंच डोक्यावर दूध घेऊन उभी राहिले. खाली ठेवलं असतं तर परत उचलायला कुणी नव्हतं.

वेल्डिंगवाल्यानं चिमट्याच्या नळ्या आखूड केल्या आणि मान पुन्हा कापून होती तशी सरळ केली. या वेळी कॅन मीच पाण्यानं भरून नेले. त्यानं चित्राबद्दल विचारलं नाही, मीही काढलं नाही. ते चुलीत गेलं होतं.

हाताचं प्लास्टर सुटल्यावर एका दुपारी मी मिठाच्या पुरचुंडीनं यांचं मनगट शेकत होते. माझेही खांदे भरून आलेले. विचारलं, चाक उचलावं लागतंय हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही? हे भिंतीकडे बघत राहिले. अगदी माझ्यासारखेच. मग म्हणाले,

"हात दुखला तर शेकता येतो. तुझा अबोला कुठं शेकायचा?"