नाकापर्यंत पोचलेलं खत

कोंबड्यांची गाडी भरून गेली की आमच्या कैनाड गावच्या शेडमध्ये जमिनीवरची गादी उरते. भाताचा तूस आणि त्यात मिसळलेली विष्ठा. ती खरवडून शेडमागे ढीग करायचा आणि रोज संध्याकाळी त्यावर पाइपने थोडं पाणी मारायचं, ही आमची पद्धत. धूळ बसते आणि खत पिकतं, असं मोठे काका म्हणतात. थोड्याच दिवसांत ढिगाजवळ गेलं की डोळे चुरचुरायला लागतात. मग काका समाधानाने मान हलवतात. "आता चढलं." डोळ्यांत पाणी आणतं ते ताकदीचं खत, असं आमच्याकडे सगळेच मानतात. खत न्यायला येणारेसुद्धा आधी वास घेतात.

गेल्या वर्षी मी खालच्या शेतात मिरची लावली. तेच खत, तेही भरपूर. तरी झाडं पिवळी पडली, खालची पानं आधी. यंदा पावसाळा सरता सरता काकांनी कोसबाडहून चिकूची कलमं आणली आणि काळ्या पिशव्यांसकट त्या शेताच्या बांधावर ओळीने मांडून ठेवली.

"मिरची परत पिवळी पडली तर ही लावून टाकू," ते म्हणाले. "चिकूच्या मागे रोज धावावं लागत नाही."

चिकू एकदा लागला की शेत पुन्हा मोकळं होत नाही. आमच्या वाडीत आधीच चिकूखेरीज फारसं काही नाही. ज्याच्याबद्दल माझं मत विचारलं जातं असं ते एकच शेत होतं.

मी फार बोलत नाही. घरात माझ्याकडून तशी कोणाची अपेक्षाही नसते. डहाणूच्या इंग्रजी शाळेत असताना एकदा प्रयोगशाळेत अमोनियाची बाटली उघडली, तेव्हा वर्ग खोकत मागे सरकला आणि मला आमचा ढीग आठवला होता. वही-पुस्तकातली ती गोष्ट आणि शेडमागचा वास एकच आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. यंदा आलं. पानं हिरवी ठेवणारा नत्र खतात असतो. खत कोरडं असलं तर तो बराचसा जागेवर राहतो. थोडं पाणी मिळालं की खत कुजायला लागतं, नत्राचा अमोनिया होतो आणि उडून जातो. आमचं रोजचं शिंपडणं नेमकं तेवढंच होतं. खत ओलं होईल इतकं, पण नत्र मातीत उतरेल इतकं नाही. त्यात समुद्रावरून येणारी दमट हवा. उघडा ढीग नुसत्या हवेनेही ओलसर होतो.

म्हणून यंदा माझ्या वाटणीची गादी मी पत्र्याखाली नेली आणि वर ताडपत्री टाकली. पाणी अजिबात नाही. काका एकदा ताडपत्री वर करून वाकले, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"वासच नाही. मेलं हे खत." आणि ते पाइप आणायला वळले.

मी आडवी उभी राहिले. "पाणी मारू नका."

मी इतक्या मोठ्याने बोलले, की ओट्यावर सुकट निवडणाऱ्या काकीने मान वर केली. मग मी ढिगातलं थोडं खत दोन डब्यांत भरलं, एकात पाण्याचा हबका मारला आणि दोन्ही डबे झाकणं लावून काकांच्या खुर्चीखाली ठेवले. काही दिवसांनी काकांनीच ते उघडले. कोरड्या डब्यापाशी त्यांना काही विशेष जाणवलं नाही. ओला उघडताच त्यांनी तोंड फिरवलं आणि डोळे पुसत हसले.

"बघितलंस? याला म्हणतात खत!"

"काका, ती ताकद तुमच्या नाकात गेली," मी म्हटलं. "आता ती मिरचीत कशी जाणार?"

काकी फस्सकन हसली. "घ्या! आता तुम्हालाच लावू या बांधावर. हिरवेगार व्हाल."

काका हसले नाहीत, पण पाइपही आणला नाही. "शेत तुझं," ते म्हणाले. "पिवळं पडलं तर कलमांचे खड्डे तूच खणायचे."

"खणीन."

खत शेतात टाकायच्या दिवशी आकाश ढगाळ होतं, हवा चिकट. एरवी आम्ही खताच्या ढिगल्या टाकतो आणि खत मातीत मिसळायला ट्रॅक्टर येईपर्यंत त्या तशाच उघड्या पडून असतात. ट्रॅक्टरवाला उधवा गावचा. त्याचा फोन आला, तिकडे तलासरीत काम वाढलंय, आज काही जमत नाही. खत तोवर पसरून झालं होतं. काका बांधावरून म्हणाले, "राहू दे, परवा बघू." परवापर्यंत त्या हवेत माझ्या सगळ्या मेहनतीचा पुन्हा वास झाला असता. मी कुदळ घेतली आणि एका कडेने खत मातीत ओढायला लागले. थोड्या वेळाने काकी दुसऱ्या कडेला आली, तिच्या मागे कामाच्या बाया. त्यातली एक म्हणाली, "बाय, शाळेत हेच शिकवलं काय तुला?" मी म्हटलं, "हो, पण इंग्रजीत." तिला ते फारच आवडलं. पुढे दिवसभर ती दर थोड्या वेळाने "इंग्रजीत ओढा गं" असं ओरडत राहिली. अंधार पडायच्या आत पसरलेलं सगळं खत मातीखाली गेलं आणि मी शेताला पाटाने पाणी सोडलं. शिंपडलं नाही, चांगलं मुरेपर्यंत भिजवलं. माझे तळहात सोलले होते. शेतात उभं राहून मी श्वास घेतला. फक्त ओल्या मातीचा वास होता.

माती निवल्यावर रोपं लावली. मी रोज खालचीच पानं बघायचे. फुलं आली तरी ती हिरवी होती, गडद, जाडसर. काका कधी शेतात उतरले नाहीत. बांधावरूनच चालत जायचे आणि जाताना कलमांना पाणी घालायचे.

पहिल्या तोड्याच्या सकाळी मी टोपली घेऊन आले, तर बांध रिकामा. काका घरामागच्या उतारावर खड्डा खणत होते, पिशव्या शेजारी.

"इथे निचरा बरा आहे," ते वर न बघता म्हणाले. मग एक पिशवी जवळ ओढत, "खड्ड्यात तुझं ते उरलेलं बिनवासाचं टाकू ना थोडं?"

"टाका," मी म्हटलं, "पण लगेच माती ओढा."