बेपत्ता नवऱ्यांवर बजावणी

मास्तरांकडे पोरांच्या करामती साठतात, डॉक्टरांकडे पेशंटच्या. अंबाजोगाईच्या कोर्टात घटस्फोटाच्या केसेस चालवणाऱ्या माझ्यासारख्या वकिलीणीकडे साठतात ते न सापडणारे नवरे! बायकोला नांदवायचं नाही आणि सोडायचंही नाही, असा बेत असला की माणूस एकच करतो. कोर्टाचं समन्स हातात घेत नाही. कारण ते एकदा बजावलं गेलं की केस पुढे सरकते, आणि तो आला नाही तरी एकतर्फी निकाल होऊ शकतो. म्हणून समन्स आलं म्हटलं की ही मंडळी गायब!

त्यांना हुडकायचं काम आमच्या बेलीफचं, गफूरभाईंचं. आणि हे किस्से ऐकायला आमची हक्काची श्रोती म्हणजे रुक्मिण. माहेर सिरसाळ्याचं. तिच्या नवऱ्यानं, बापूरावानं, शेजारच्याच गावात दुसरा संसार थाटला आणि हिला सांगितलं, "सोडणार न्हाई, जन्मभर लटकवून ठिवीन." लोक हिला 'टाकलेली' म्हणायला लागले. पहिल्याच भेटीत ती मला म्हणाली, "ताई, बाकी काई नको. त्यानं मला टाकलं न्हाई, म्या त्याला सोडलं, एवढं कोर्टाच्या कागदावर पायजे."

पुढची तारीख पडली की ती हिरमुसायची. मग मी आणि गफूरभाई तिला एकेक नवरा ऐकवायचो.

*

गेवराईकडचा एक. गफूरभाई दारात गेले की त्याची आई सांगायची, "पोरगं पुण्याला हाय." एकदा गफूरभाई दुपारचे गेले आणि ओट्यावर बसूनच राहिले. पाणी प्याले, चहा प्याले, कापसाच्या गप्पा झाल्या.

दिवस कलला तशी गोठ्यातली म्हैस ओरडायला लागली. आई धार काढायला गेली, म्हशीनं लाथ मारून बादली उडवली. बाप गेला, त्यालाही लाथ!

गफूरभाई शांतपणे म्हणाले, "अम्मा, रोज पुण्याहून कोन येतं धार काढाय?"

कडब्याच्या गंजीमागून पोरगा बाहेर आला. आधी म्हशीची धार काढली, मग हात पुसून सही केली.

"म्हशीला तरी कदर हाय त्याची!" रुक्मिण म्हणाली.

*

कधी नवराच केस टाकतो आणि बायको बेपत्ता आहे असं शपथेवर सांगतो. अशाच एकाला कोर्टानं पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावली. यानं पेपर असा निवडला, जो छापणाराही वाचत नसेल! तारखेला नवा शर्ट घालून हजर, निकाल खिशात असल्यासारखा.

पुकारा झाला आणि मागून आवाज आला, "हाय, हाय! म्या हाय!"

साक्षात बायको! हातात तेलकट कागद. भावानं घरी भजी आणली होती आणि भज्यांखाली हिचंच नाव!

"तुमचा ठावठिकाणा माहीत नाही, असं यांचं म्हणणं आहे," न्यायाधीश मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, म्या माहेरीच हाय की! मागल्या महिन्यात ह्योच आमच्या घरी भाच्याच्या जावळाचं जेवून गेला. दोनदा वाढून घेतलं!"

मी तिची वकील नव्हते, पण टाळी माझ्याच हातून वाजली. शिपायानं डोळे वटारले.

*

एकीचा नवरा मेंढपाळ. आज या शिवारात, उद्या त्या. पत्ता काय लिहायचा? पोस्टातून पाकीट परत आलं. शेवटी बायकोच्या भावानंच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून निरोप धाडला, "वावरात मेंढ्या बसवायच्यात, या." मेंढ्या बसल्या की शेताला लेंडीखत मिळतं, आणि असं बोलावणं मेंढपाळ कधी मोडत नाही.

नवरा सगळा कळप घेऊन आला. बांधावर बघतो तर गफूरभाई! बाजूला मेव्हणा. त्यानं समन्सकडे बघितलं, कळपाकडे बघितलं आणि मेव्हण्याला म्हणाला, "सही करतो बे, पण मेंढ्या बसवायच्या हायत का न्हाई, त्ये आधी सांग!"

शेतकऱ्यानं खरंच बसवून घेतल्या.

*

पण या सगळ्यांचा गुरू म्हणजे रुक्मिणचा बापूराव. गफूरभाई गेले की घरचेच विचारायचे, "कोन बापूराव?" शेवटी कोर्टानं समन्स घराच्या दारावर चिकटवायचा हुकूम दिला. गफूरभाई खळीचा डबा घेऊन पोचले तर घराला दारच नाही! चौकटीतून उचकटून काढलेलं, तिथं जुन्या लुगड्याचा पडदा.

"दार कावून काढलं?"

"लई उकडतंय!"

गफूरभाईंनी मग भिंतीवर चिकटवलं. पंचांच्या सह्या घ्यायला वळले, तेवढ्यात ओसरीतल्या शेळीनं खळीसकट कागद फस्त केला! त्यांनी इमानदारीत रिपोर्ट लिहिला, "सदर समन्स प्रतिवादीच्या शेळीने ग्रहण केले."

मॅडमनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसला. म्हणाल्या, "पुन्हा बजावा. आणि या वेळी माणसावर!"

अख्खं कोर्ट हसलं, रुक्मिण नाही. "ताई, शेळी सुदिक त्याच्याच बाजूची निगाली," म्हणाली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. मला फार लागलं ते. कितीही किस्से सांगितले तरी लटकलेली तीच होती.

*

आणि मग बापूराव गावच्या सोसायटीचा संचालक झाला! त्याच्या सत्काराचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर फिरत फिरत रुक्मिणपर्यंत आलं. माणूस समन्सला चुकवेल, सावकाराला चुकवेल, पण आमच्या बीड जिल्ह्यात सत्कार चुकवणारा अजून जन्माला यायचाय.

गफूरभाई शाल आणि नारळ घेऊन सत्कार करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहिले. बजावताना माणूस ओळखणारं कुणीतरी लागतं, म्हणून त्यांच्यामागे रुक्मिण. मी मांडवात शेवटच्या खुर्चीवर.

"यानंतर अंबाजोगाईहून खास आलेले पाहुणे!" सूत्रसंचालक ओरडला.

गफूरभाईंनी शाल घातली, नारळ दिला आणि नारळाखाली समन्स. बापूरावानं कॅमेऱ्याकडे बघत, हसत, दोन्ही हातांनी घेतलं. मग खाली बघितलं.

सूत्रसंचालकानं रुक्मिणपुढे माईक धरला. "ताई, दोन शब्द!"

"वळख पटवाय आलेय," रुक्मिण म्हणाली. "ह्योच बापूराव."

मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली, आणि मागोमाग सगळ्याच बायकांनी.

तारखेला त्याचा वकील म्हणतो, "समन्स मिळालंच नाही." मी बापूरावाच्याच स्टेटसवरचा फोटो मॅडमपुढे ठेवला. गळ्यात हार, हातात नारळ आणि समन्स, वर लिहिलेलं, 'आपले प्रेम असेच राहू द्या.' मॅडम म्हणाल्या, "बजावणी झाली. आणि फोटोही चांगला आलाय." त्यानंतर बापूराव कोर्टाकडे फिरकला नाही. रुक्मिणला घटस्फोट मिळाला. त्या दिवशी मी आणि गफूरभाईंनी कोर्टभर पेढे वाटले.

पुढच्या आठवड्यात कामानिमित्त सिरसाळ्याला गेले आणि चौकात गाडी थांबवावीच लागली. वर भला मोठा फ्लेक्स, त्यावर गॉगल लावलेली रुक्मिण, आणि खाली ठळक अक्षरांत:

'आपल्या पतीस कायदेशीररीत्या सोडल्याबद्दल रुक्मिणताईंचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त माहेर.'