गुंतवळीवर फुगा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. दुपारी जेवलो की मीच मेल्यासारखा झोपतो, दुसऱ्या मेलेल्यांकडं बघायला सवड कुणाला? पण मागच्या उन्हाळ्यात बोरीला, आमच्या घरी जे झालं...

पुतणी चिंगी, सात वर्षांची. आठ दिवस तिचं पोट दुखायचं, खाल्लेलं ओकायची. मी घरातला बिनपदवीचा डॉक्टर — "वहिनी, कैऱ्या लय खाल्ल्यात तिनं," म्हणून ओवा चारला, वर थंड सोडा पाजला. पोरगी आणखीच मलूल झाली.

"भावजी, तुमी तेवढं गप बसा," वहिनी म्हणाली.

त्या दुपारी ओसरीवर डोळा लागतोय तोच गल्लीतून हाळी आली — "गुंतवळीवर फुगाऽऽ!"

अहो, किती वर्षांनी! लहानपणी ही फुगेवाली यायची. बायका विंचरताना निघालेले केस न्हाणीजवळच्या देवळीत कोंबून ठेवायच्या. आईची गुंतवळ पळवून मी तिला द्यायचो. ती केस तळहातावर तोलायची. फुगा फुगवताना फुग्यापेक्षा तिचे गालच मोठे व्हायचे. मग म्हणायची, "आईला इचारलंस का रं बोक्या?" अख्ख्या गावात मला बोक्या म्हणणारी ती एकटीच.

झोपेतच उठलो आणि देवळीकडं पळालो. चाळिशी उलटलेला घोडा, फुग्यासाठी! हात घातला... देवळी रिकामी.

"वहिनी, गुंतवळ कुठं गेली?"

"तिथंच हाय की! महिनाभर कोंबायलेय मी."

चिंगीनं पटकन तोंडावर हात ठेवला... आणि रडायला लागली.

तसंच परभणी गाठलं. सोनोग्राफी, लगेच ऑपरेशन. केसांचा गोळा आतड्यात अडकला होता. "अजून ओवाच चारत बसला असता तर —" डॉक्टर म्हणाले. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो.

गल्लीत विचारलं, तर हाळी कुणीच ऐकली नव्हती; फुगेवाली तर कधीच वारली म्हणाले. म्हटलं, स्वप्न पडलं असेल.

चिंगी जरा बरी झाल्यावर म्हणाली, "काका, तुला बोक्या म्हणतेत का?"

"कुणी सांगितलं?"

"आप्रेशनला मला झोपवलं होतं ना, तवा एक म्हातारी जवळ बसली होती. गाल फुगवायली होती. म्हनली, बोक्याला सांग, ह्या केसांवर फुगा न्हाई भेटायचा."

मी बाहेर जाऊन लाल फुगा आणला. फुगवताना डोळ्यांत पाणी आलं. दम लागल्यामुळं, असं वहिनीला सांगितलं. तुम्हाला काय सांगू? मलाच अजून कळालेलं नाही.