टॅबीचा फेब्रुवारी

टॅबीच्या गाडीचा रिव्हर्स गिअर ऑक्टोबरात गेला. तेव्हापासून ती गाडी अशा ठिकाणी लावते, जिथून सरळ पुढे निघता येईल. दुकानासमोर एकामागे एक अशा दोन जागा रिकाम्या मिळेपर्यंत ती चकरा मारत राहते. नाहीच मिळाल्या तर चर्चच्या उतारावर गाडी लावते आणि लेकीला, डिलेनीला, कडेवर घेऊन चालत येते. मी बरोबर असले की मी उतरते, बॉनेटला पाठ लावते आणि ढकलते. टॅबी खिडकीतून डोकं बाहेर काढते.

"जोर लाव गं, पंडिता. चार वर्षं कॉलेजात काय नुसती बसून होतीस?"

आम्ही एका वर्गातल्या. केंटकीच्या या दरीत शाळा एकच. मी साहित्य शिकायला गेले आणि परत आले. आता वाचनालयात आठवड्यातून तीन दिवस काम करते. टॅबी कुठे गेली नाही. एकोणिसाव्या वर्षी तिला डिलेनी झाली. डिलेनीचा बाप पाइपलाइनच्या कामावर टेक्सासला गेला. तिथून त्याने एक कापडी अस्वल पाठवलं आणि नंतर फोन नंबर बदलला.

टॅबी डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात मदतनीस आहे. आहे म्हणजे होती. पहाटेची पाळी. म्हाताऱ्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं. तिकडे बस जात नाही. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं ते सरळ. त्या वेळात डिलेनी आजीकडे असायची. आमच्याकडे आजीला मॅमॉ म्हणतात. मॅमॉ म्हणजे रॉन्डा, टॅबीची आई. ती दुपारनंतर पेट्रोलपंपावरच्या दुकानात चिकन तळते. टॅबी कामावरून यायची, पोरगी ताब्यात घ्यायची, आणि रॉन्डा ॲप्रन घेऊन निघायची.

टॅबीच्या पगारात महिना बसत नव्हता. ती तो कोंबून बसवायची. शेवटच्या तारखेची पिवळी चिठ्ठी लागलेला खिमा आणायचा, त्यात शिजवलेले ओट मिसळायचे, म्हणजे तो दुप्पट होतो. शॅम्पूत पाणी. डिलेनीचे बूट एक नंबर मोठे, टोकाला मोजा कोंबलेला. हिवाळ्यात एकच खोली तापवायची आणि बाकीच्या दारांवर ब्लँकेटं ठोकायची. एका महिन्यात वीज भरायची, दुसऱ्यात फोन. जे राहील ते फेब्रुवारीवर ढकलायचं.

फेब्रुवारीत टॅक्सचा रिफंड येतो. ज्याची कमाई थोडी आणि पदरी मूल, त्याला सरकार कापलेल्यापेक्षा जास्त परत देतं. आमची सुगी म्हणाल तर ती हीच. त्या महिन्यात लोक टायर बदलतात, पलंग घेतात, थकलेलं भाडं भरतात, जामीन भरून भावाला सोडवून आणतात. मार्चमध्ये पुन्हा सगळं होतं तसं.

या फेब्रुवारीत टॅबीला गिअरबॉक्स घ्यायचा होता. हॉबर्ट मेकॅनिकने तो एका ठोकलेल्या गाडीतून काढून शेडमध्ये ठेवला होता आणि त्याच्यावर खडूने टॅबीचं नाव लिहिलं होतं. तोवर पुढचे गिअरही निसटायला लागले होते. चढावर गाडी नुसती ओरडायची. कामावर टॅबीला दोनदा उशीर झाला होता आणि तिसऱ्यांदा झाला तर येऊ नकोस, असं सांगून झालं होतं. हॉबर्टने गाडीखालून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "फेब्रुवारीभर ठेवतो, पोरी. मार्च लागला की ज्याच्या हातात पैसे त्याचा."

टॅक्स भरून देणारं दुकान जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात भरतं. जानेवारीत उघडतं, एप्रिलमध्ये गायब होतं. आम्ही दोघी गेलो. टेबलामागची बाई शाळेत आमच्या पुढच्या वर्गात होती. तिने टॅबीची सगळी माहिती कॉम्प्युटरवर भरली आणि सरकारकडे पाठवली. थोड्या वेळाने तिच्या कपाळावर आठी आली. तिने पुन्हा पाठवली. मग हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "परत आलंय. डिलेनीचं नाव यंदा कुणीतरी आधीच आपल्या अर्जात लावलंय."

टॅबी हसली. "तिच्या बापाने? त्याला पोरीचा वाढदिवस तरी सांगता येईल का?"

कुणी लावलंय ते त्या बाईला दिसत नव्हतं. पण मुलीचा सरकारी नंबर ज्याला माहीत आहे असं कुणीतरी, एवढं नक्की. तिने समजावून सांगितलं की पोरगी तुझ्याकडे राहते याचे पुरावे लावून कागदावर अर्ज करता येतो. आईचा हक्क पहिला, निकाल तुझ्याच बाजूने लागेल. पण पैसे पानगळ लागेपर्यंत यायचे नाहीत. आणि ज्याने घेतलेत त्याला ते दंडासकट परत करावे लागतील.

बाहेर येऊन मी गाडी ढकलली. टॅबीने डोकं बाहेर काढलं नाही. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "मी बेकार होते ते वर्ष आठवतं? आईकडे राहत होते बघ." तेव्हा डिलेनीला रॉन्डाच्या नावावर लावायला टॅबीनेच सांगितलं होतं. आलेले पैसे मायलेकींनी अर्धे अर्धे घेतले होते. इथे असं होतं. मूल ज्याच्याकडे पगार असेल त्याच्या नावावर जातं.

तिने गाडी आईच्या घराकडे वळवली. चढ आला, गाडी ओरडली आणि कशीबशी चढली.

रॉन्डाने दार उघडलं. मी तिला आयुष्यभर तोंडावर हात ठेवून बोलताना पाहिलं आहे. हसायची तेव्हा भांडी पुसायचं फडकं तोंडाशी न्यायची. पंपाच्या मालकाने तिला गिऱ्हाइकांसमोर कधी उभं केलं नव्हतं, मागे कढईपाशीच ठेवलं होतं. आज तिचा हात खाली होता. गाल सुजले होते. तोंडात पांढरे, एकसारखे, चेहऱ्याला जरा मोठे होणारे दात होते. लेक्सिंग्टनला एक दवाखाना आहे, सकाळी सगळे काढतात आणि त्याच दिवशी कवळी बसवून देतात.

डिलेनी तिच्या पायांमधून पुढे आली. "मॅमॉने नवे दात आणले. ते बाहेर पण येतात."

"छान दिसतायत," टॅबी म्हणाली.

रॉन्डा म्हणाली, मालक आता तिला काउंटरवर उभं करणार होता. तासाला एक डॉलर जास्त. एवढं सांगताना ती टॅबीकडे बघत नव्हती.

"आई, डिलेनीला तू लावलंस?"

रॉन्डाचा हात तोंडाकडे गेला. मग तिने तो मुद्दाम खाली आणला.

"टॅक्स भरून देणाऱ्या पोराने विचारलं, मागच्यासारखंच का? दाढ ठणकत होती. मी हो म्हणाले."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. म्हणूनच नाही विचारलं."

"माझी गाडी, आई."

"माहीत आहे गं मला."

ती आत गेली, डब्यातून उरलेल्या नोटा घेऊन आली आणि टॅबीच्या कोटाच्या खिशात घातल्या. टॅबीने त्या मोजल्या नाहीत. डिलेनीला कोट चढवला, बूट घातले. निघताना मी गाडी ढकलायला उतरले, तर रॉन्डा तिच्या सपाता घालून बाहेर आली आणि माझ्याशेजारी बॉनेटला टेकली. आम्ही दोघींनी मिळून गाडी मागे नेली.

त्या नोटांत गिअरबॉक्स येणार नव्हता. "गिअरच्या दांड्यावरची मूठ येईल," टॅबी म्हणाली. माझ्याजवळ होते तेवढे मी देऊ केले. सगळे मिळूनही पुरत नव्हते. मी अर्जाचे कागद वाचनालयात छापले आणि तिच्याकडे घेऊन गेले. मी म्हणाले, हे तुझे पैसे आहेत. ती म्हणाली, हो, माझेच आहेत.

मग तिने विचारलं, "आईकडून कसे वसूल करतील?"

पगारातून, मी म्हणाले. किंवा पुढच्या रिफंडांतून.

"आणि तोवर डिलेनीला कोण बघणार? तू?"

मी कागद तिच्यापुढे ठेवले.

"दात तर परत घेत नाहीत ना," ती म्हणाली. ती हसली नाही. कागद उलटून पाहिले. "मागून कोरे आहेत. डिलेनीला चित्रं काढायला होतील."

हॉबर्ट मार्च लागल्यावरही थोडे दिवस थांबला. मग एक माणूस रोख घेऊन आला आणि हॉबर्टने ओल्या फडक्याने खडू पुसला. त्याने हे टॅबीला सांगितलं नाही, मला सांगितलं. त्याच महिन्यात डोंगराच्या निम्म्या चढावर गाडीने पुढे जायचंही सोडलं. टॅबी उरलेला रस्ता चालत गेली. पोचली तेव्हा म्हाताऱ्यांचा नाश्ता होऊन गेला होता. तिथल्या मुख्य नर्सने तिला जवळ घेतलं, पाठीवर हात फिरवला आणि बिल्ला काढून घेतला.

टॅबीने भाड्याचं घर सोडलं. आता ती आईकडे राहते. पंपावर सकाळी फरशी पुसते आणि बिस्किटं, म्हणजे नाश्त्याचे मऊ पाव, भाजते. पंप चालत जाण्याइतका जवळ आहे. काम थोडे तास, पगारही तेवढाच. गाडी हॉबर्टने ओढून आणून अंगणात लावली आहे, तोंड रस्त्याकडे करून.

हिरड्यांची सूज उतरली आणि हिरड्या आकसल्या. सगळ्यांच्याच आकसतात म्हणे. कवळी सैल झाली. काउंटरवर बोलताना रॉन्डाचे दात खाली यायचे, पोरं हसायची. पुन्हा नीट बसवून घ्यायला पैसे लागतात. मालकाने तिला परत कढईपाशी पाठवलं. तिचा हात पुन्हा तोंडावर असतो. ती मऊ केलेलंच खाते, पूर्वीसारखं.

"पुढच्या फेब्रुवारीत बसवून घेईन," ती म्हणते. त्या फेब्रुवारीत डिलेनी कुणाच्या नावावर, हा विषय त्या घरात अजून कुणी काढलेला नाही.

परवा मी गेले होते. दात सिंकवरच्या खिडकीत पेल्यात ठेवलेले होते. डिलेनी स्टुलावर उभी राहून त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. रॉन्डा कामावर गेली होती. टॅबीने पेला उचलला, गढूळ पाणी ओतलं, नळाखाली दात धुतले आणि पेल्यात नवं पाणी भरलं.

"पाणी बदलायला ती विसरते," टॅबी म्हणाली.